सिस्टरची सीट

बारावीचा निकाल आणि मृग हे दोघं परभणी जिल्ह्यात जवळपास एकाच सुमारास येतात. त्यामुळे आमच्याकडच्या बापाला एका डोळ्याने आभाळाकडे आणि दुसऱ्या डोळ्याने कटऑफकडे बघावं लागतं. दोन्हींचे अंदाज वर्तवणारे तज्ज्ञ पारावर तेच असतात. ‘यंदा पाऊस उशिरा, पण पडंल लई’ हे ज्या ठामपणे सांगतात, त्याच ठामपणे ‘ओबीसी मुलींचं मेरिट यंदा साठाच्या खाली यायलंय बघा’ असंही सांगतात. दोन्ही अंदाज चुकतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण तोवर अर्जाला मुदतवाढ मिळालेली असते.

माझ्या भाचीला नर्सिंगला जायचं होतं. हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही. आमच्या भागात नर्सिंगला ठरवून कुणी जात नाही. वरून खाली उतरताना वाटेत नर्सिंग लागतं. दक्षिणेला लातूर, पूर्वेला नांदेड, दोन्हीकडे नीटच्या क्लासेसची गजबज, आणि मध्ये आम्ही. त्यामुळे सायन्स घेतलेली प्रत्येक पोरगी अकरावीत डॉक्टरच असते. नीटचा निकाल लागला की ती बीएएमएस होते, मग बीएचएमएस, मग बी.फार्म., मग बीएस्सी नर्सिंग, मग जीएनएम. काही घरांत हा सगळा प्रवास एका रविवारच्या जेवणात उरकतो. भाजी वाढेपर्यंत एमबीबीएस आणि ताक येईपर्यंत एएनएम.

भाचीने मात्र नर्सिंगच पहिल्यापासून धरून ठेवलं होतं. कारण होतं गावातलं उपकेंद्र. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीच्या भागात पाच हजार माणसांमागे एक उपकेंद्र असतं. त्या पाच हजारांत गरोदर बाया आल्या, लेकरं आली, बीपीवाले, शुगरवाले आणि ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणारे पुढारीही आले. या सगळ्यांना पुरून उरणारी एक सिस्टर स्कूटीवर येते. पायाशी लसींचा डबा, खांद्याला रजिस्टरांची पिशवी. एकदा ती सरळ सरपंचांच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, “नातवाचा गोवराचा डोस चुकलाय. कार्ड कुठंय?” आमदार आले तरी खुर्चीतून उठायला वेळ लावणारा माणूस स्वतः उठून कपाटात कार्ड शोधायला लागला. भाची तेव्हा पाचवीत होती आणि भिंतीआडून बघत होती. पगार, गाडी आणि सरपंचाला दम देण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच बाईकडे असू शकतात, हे तिने त्या दिवशी पाहून ठेवलं. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांना नंतर तिने फक्त अल्पोपाहारासाठी हजेरी लावली.

आता नर्सिंग म्हणजे नेमकं कोणतं, हे घरच्यांना समजावणं हे पहिलं काम होतं. एएनएम दोन वर्षांचं. बारावी कला शाखेची असली तरी चालते, पण प्रवेश फक्त मुलींना. जीएनएम तीन वर्षांचं, पूर्वी ते साडेतीन वर्षांचं होतं, आणि त्याला मुलंही जाऊ शकतात. बीएस्सी चार वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे आणि वर सीईटी. मी हे सगळं नीट फोड करून सांगितलं. भाचीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, मान हलवून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मंग हिच्यात डॉक्टर कवा होतंय?”

शिवाय ‘जीएनएम बंद होणार’ ही बातमी दरवर्षी कुणीतरी घेऊन येतोच. ती अगदीच हवेतली नाही. २०१९ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने खरोखरच जीएनएम गुंडाळून सगळं नर्सिंग पदवीवर न्यायचं ठरवलं होतं, आणि पुढे तो निर्णय मागे घेतला. पण आमच्याकडे निर्णय लवकर पोचतो आणि तो मागे घेतल्याचं पोचायला एसटी मिळत नाही. त्यामुळे आमच्या पारावर जीएनएम अजूनही पुढच्या वर्षीपासून बंद होणार आहे.

खर्चाचा हिशेब दाजींनी पहिल्याच संध्याकाळी कापूस संघाच्या जुन्या डायरीत मांडला. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी शाळा असतात, तिथे फी किरकोळ. पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि यादी पहिल्या पाच मिनिटांत नव्वद टक्केवाल्या मुलींनी भरलेली. खाजगी शाळांत जागा भरपूर. मार्कांची फारशी विचारपूस नाही. पण शिक्षण शुल्क वेगळं, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, गणवेश वेगळा, क्लिनिकलला जायची बस वेगळी आणि या सर्वांखाली ‘इतर’ नावाचा एक आकडा, जो शिक्षण शुल्काच्याही अंगावर येतो. जेवढे मार्क कमी तेवढी फी जास्त. दाजींनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे जिला क्लास लावायला पैसे व्हते तिला फुकट, आन् जिच्याकडं नव्हते तिला इकत?” हा प्रश्न मी आजवर शिक्षणतज्ज्ञांच्या अनेक परिसंवादांत ऐकलाय, पण तिथे तो चाळीस मिनिटं चालतो.

त्यात २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. गावात ही बातमी ‘पोरींचं समदं फुकट झालं’ या स्वरूपात पोचली. आता त्या निर्णयात कोणते अभ्यासक्रम, कोणत्या प्रवर्गाला, केंद्रीय प्रवेश फेरीतूनच का, असे बारीक खिळे ठोकलेले असतात. पण ‘अटी लागू’ हे शब्द मोठ्याने वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. एका खाजगी संस्थेत आम्ही माफीचं विचारलं तेव्हा खिडकीतल्या बाई अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, “आधी भरा, आलं की देऊ.” कधी येईल हे विचारल्यावर त्यांनी तितक्याच प्रेमाने खिडकी लावून घेतली.

आणि मग बसस्टँडसमोरचे फ्लेक्स. ‘नर्सिंग कोर्स! दहावी पास/नापास! ६ महिने! १००% नोकरी!’ शेजारी एका गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या नर्सचा फोटो, जी परभणीच्या मे महिन्यात दीड दिवस टिकणार नाही. दाजींना हा फ्लेक्स फार आवडला. सहा महिने म्हणजे एक हंगाम. एका सोयाबीनमध्ये पोरगी मार्गाला लागते. त्यामुळे मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर आम्ही गेलोच. टेबलामागे एक तरुण संचालक बसले होते.

“मान्यता आहे का?” मी विचारलं.

“आहे ना काका.”

“कुणाची?”

“फुल मान्यता आहे.”

“हो, पण कुणाची?”

“आयएसओ आहे काका. नऊ हजार एक.”

भाचीने तेवढ्यात भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं आणि मला कोपराने ढोसलं. ते अग्निशामक सिलिंडरच्या कंपनीचं होतं.

ही थट्टेची गोष्ट नाही, म्हणून थोडं सरळ सांगतो. नर्स म्हणून काम करायचं तर नोंदणी लागते. देशात त्यासाठी १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आहे, राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे, मुंबईत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे, आणि एएनएम-जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. ज्या शाळेचं नाव या मंडळींच्या यादीत नाही तिचं प्रमाणपत्र फ्रेम करायला उत्तम. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्या मुली पुढे लहान-मोठ्या दवाखान्यांत लागतात, पेशंट त्यांना सिस्टरच म्हणतात, काम त्या सिस्टरचंच करतात, पगार मात्र झाडूवालीच्या आसपास राहतो आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्यांना जागा नसते. त्या मुलींना मी हसणार नाही. त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्या माडीवरच्या संचालकांना हसायला माझी हरकत नाही, पण ते स्वतःच जास्त हसतायत.

यादीतली शाळा शोधून झाली, आणि मग सुरू झाले कागद.

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात. आमच्या दाजींचं उत्पन्न तीन प्रकारचं आहे. लेकीला स्थळ बघायला येणाऱ्यांसमोर ते ‘बारा एकर बागायत, दोन बोअर, सालाचे आठ लाख’ असतं. बँकेच्या साहेबासमोर ते ‘बोंडअळीनं नेलं सगळं’ असतं. आणि दाखल्यावर ते असं असतं की वाचून तलाठ्याच्याही डोळ्यांत पाणी यावं. तलाठ्याला आता सरकारने ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलंय, पण सापडायला तो पूर्वीइतकाच अवघड आहे. गंमत म्हणजे यातला शेवटचा आकडाच सत्याच्या सगळ्यात जवळ असतो. बोअर दोन आहेत, पाणी एकालाच आहे, तेही गुढीपाडव्यापर्यंत.

नंतर अधिवासाचा दाखला. भाची इथेच जन्मली, इथेच शिकली, गावाबाहेर गेली ती फक्त परीक्षेला आणि लग्नांना. तरी पुरावा पाहिजे. दाजी वैतागले तेव्हा सेतूच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या पाथरीच्या एका गृहस्थांनी त्यांची समजूत काढली. “आहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? आमच्या पाथरीला तर साईबाबांच्या जन्माचा पुरावा मागितला लोकांनी.” ते खरंच होतं. २०२० च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी साईंचं जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटींचा विकास जाहीर केला आणि शिर्डी बंद पुकारून बसली. जिथे एवढ्या मोठ्या संताचा कागद पुरा पडत नाही तिथे बारावी ६१ टक्के कोण? रांग एकदम शांतपणे पुढे सरकली.

पण खरी मौज जातीच्या दाखल्यात होती. दाजींनी स्वतःचा कधी काढलाच नव्हता, कारण कापसाला जातीचा दाखला लागत नाही. आता ओबीसी म्हटलं की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. दाजींचा जन्मच त्यानंतरचा. म्हणजे मोर्चा वळला आबांकडे, दाजींच्या वडिलांकडे. आबा निजामाच्या राज्यात दोन वर्षं शाळेत गेले होते. पुढे रझाकारांची धामधूम, १९४८ ची पोलीस ॲक्शन, आणि आबांचं शिक्षण तिथेच मुक्त झालं. पण दोन वर्षं का होईना, नाव पटावर होतं. मुख्याध्यापकांनी भल्या मनाने कोठीतून कोपरे वाळवीने खाल्लेलं रजिस्टर काढून दिलं. उघडलं तर आत सगळं उर्दू.

परभणीत उर्दू वाचणाऱ्यांची कमी नाही. तुरतपीरच्या दर्ग्याच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी आधी चहा पाजला, मग चष्मा पुसला, मग वाचलं. नाव बरोबर. बापाचं नाव बरोबर. जात बरोबर. जन्मतारीख, सात खुर्दाद तेराशे सत्तेचाळीस.

निजामाच्या कारभारात फसली सन चालायचा. सेतूतल्या पोराला त्याचं काय? त्याने प्रामाणिकपणे उताऱ्यावरचं साल टाकलं, कॉम्प्युटरने प्रामाणिकपणे वजाबाकी केली आणि आबांचं वय ६७७ निघालं. पोरगा घाबरला. रांगेतला एक मास्तर मात्र हिशोबाला पक्का होता. म्हणाला, संत जनाबाईंनी १३५० मध्ये देह ठेवला असं मानतात. म्हणजे तेव्हा आबा तीन वर्षांचे. रांगेत सगळे आबांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. म्हणाले, “गंगाखेड काय लांब नाही हितून. गेलो असंल मायच्या कडंवर.”

परत उर्दू मास्तरांकडे. त्यांनी कपाळाला हात लावला. “मियाँ, पाँच सौ नव्वद जोडो. साल पलट गया तो इक्यानवे. इत्ता बी नई आता क्या सरकार कू?” खुर्दाद म्हणजे एप्रिलच्या आगेमागे, म्हणजे १९३८. मास्तरांनी ते एका कागदावर मराठीत लिहून खाली सही केली, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना भाचीला म्हणाले, “बेटी, सिस्टर बनेगी तो हमारा बीपी देखने आना.” प्रवेश अजून झालेला नव्हता. हा पहिला पेशंट.

दरम्यान अर्ज भरणं चालूच होतं. कुठे ऑनलाइन, कुठे ऑफलाइन, आणि कुठे ऑनलाइन भरून त्याची प्रिंट ऑफलाइन जमा करा. आमच्या तालुक्याच्या गावी नेट कॅफे चालवणारा एक पोरगा आहे. वय असेल बावीस. सध्या तालुक्याचं सगळं उच्च शिक्षण त्याच्या हातात आहे. कुठल्या साईटचा सर्व्हर किती वाजता उठतो, फोटो किती केबीत बसतो, ‘सबमिट’ दाबण्याआधी कोणत्या चौकोनात टिक करायला विसरलं तर वर्ष जातं, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याने स्वतः बारावीनंतर काही केलं नाही. “वेळच कुठं भेटला काका,” तो म्हणतो.

त्याच्या राज्यातली एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती, ती म्हणजे ओटीपी. ओटीपी दाजींच्या मोबाइलवर येणार. दाजी शेतात फवारणीला. मोबाइल लिंबाच्या झाडाला पिशवीत टांगलेला, कारण त्या अख्ख्या शिवारात रेंज फक्त त्या फांदीला आहे. कॅफेतून भाची अक्काला, म्हणजे तिच्या आईला, फोन लावणार, अक्का शेजारच्या पोराला पिटाळणार, पोरगं पळत शेतात जाऊन पिशवी काढणार आणि आकडे ओरडून सांगणार. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. शेत दीड किलोमीटर. पोरगं पुढे शाळेच्या क्रीडा स्पर्धेत जिल्ह्याला गेलं.

मग आला वैद्यकीय योग्यतेचा दाखला. पेशंटची सेवा करायला तुम्ही धडधाकट आहात हे सिद्ध करायला पेशंटांच्याच रांगेत उभं राहावं लागतं, आणि तिथे उन्हात दोन तास काढल्यावर धडधाकट राहणं ही खरीच परीक्षा. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, त्यामुळे आता रांगेत गळ्यात स्टेथोस्कोप टाकलेली नवी पोरंपोरीही हिंडताना दिसतात. रांगेतल्या एका आजीने त्यांच्याकडे बोट दाखवून भाचीला विचारलं, “तू बी डॉक्टरीन व्हायलीस का गं माय?” भाची म्हणाली, “नाही आजी, सिस्टर.” आजी खुश झाली. “बरं केलंस. डॉक्टर येत्येत आन् जात्येत. सलाईन संपल्यावर कोण येतंय? सिस्टरच येतीय.” मी अनेक आरोग्यविषयक अहवाल चाळलेत, एवढ्या कमी शब्दांत मुद्द्याला हात घालणारा एकही आठवत नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने तेव्हा ४३ हजार माणसांमागे एक नर्स असल्याचं मोजलं होतं. त्या ४३ हजारांतल्या कुणाची सलाईन कधी संपली, हे पाहायला कोण येणार होतं?

घरातला विरोध शेवटी आला आणि तो अनपेक्षित ठिकाणाहून आला. भाचीची आजी, म्हणजे आबांची मालकीण. “परक्या माणसाचं हागलं-मुतलं काढायचं? आपल्या घरची पोरगी?” हे वाक्य महाराष्ट्राला नवीन नाही. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नावाची बाई नर्सिंग शिकायला आली. अशी शिकलेली पहिली भारतीय नर्स म्हणून तिचं नाव घेतात. तिला घरी-दारी काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि बायकांना, त्यांत विधवाही आल्या, नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलात धाडायला सुरुवात केली. न्यायमूर्तींच्या घरातली बाई पाठीशी होती म्हणून पुण्याने आवाज जरा खालच्या पट्टीत लावला, एवढंच.

भाचीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. ती आजीला म्हणाली, “आजी, चुलतआजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं सगळं कुणी काढलं?”

“मी काढलं. दुसरं कोण काढणार?”

“किती दिवस?”

“दिवस कशाचे, चार वर्सं.”

“तुला पगार होता का?”

आजीने पदर सावरला, नात खरंच विचारतेय की थट्टा करतेय हे नीट पाहून घेतलं, आणि म्हणाली, “तुमच्यात किती असतोय?”

भाचीने आकडा सांगितला. आजीने तो मनातल्या मनात चार वर्षांनी गुणला असावा, कारण त्यानंतर ती चुलतआजोबांच्या मुलांशी पंधरा दिवस नीट बोलत नव्हती. विरोध मात्र तिथेच संपला.

लग्नाच्या बाजारात तर वारं कधीच फिरलंय. पूर्वी ‘मुलगी नर्स आहे’ हे स्थळ मोडायला पुरायचं. आता बायोडेटात ‘नोकरीवाली असल्यास प्राधान्य, नर्सिंग चालेल’ असं छापून येतं. चालेल! जणू एसटीत उभ्याने जायलाही तयार आहोत. मेरिट लिस्ट लागायच्या आधीच भाचीला एक स्थळ येऊन गेलं. मुलाच्या वडिलांना शुगर, आईला बीपी, आजोबांना संडासपर्यंत धरून न्यावं लागतं. मुलगा काय करतो हे विचारायचं राहूनच गेलं. अक्का म्हणाली, “ह्याहिला सून नको, आयसीयू पाह्यजे.”

याच सुमारास जर्मनी आली. आमच्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण लहान लेकरालाही माहीत आहे. ती कुणी, कधी आणि कशाच्या जोरावर केली हे कुणी विचारत नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करारच केला. तिकडे माणसं पाहिजेत, त्यांत नर्सेस पाहिजेत. म्हणीचे दोन तुकडे प्रथमच एकमेकांच्या उपयोगी पडायची वेळ आली. जिंतूर रोडवर एका क्लासने लगेच जर्मन शिकवायची पाटी लावली. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा जीएनएम करतोय. हे नर्सिंगचे मुलगे, ज्यांना वॉर्डात ब्रदर म्हणतात. त्याच्या आज्याने मात्र अजून त्याला ‘आमचा सिस्टर’ म्हणायचं सोडलेलं नाही. तो सकाळी बैलांना पेंड घालताना मोबाइलवर जर्मन क्रियापदं घोकतो. बैल आता ‘कोम’ म्हटल्यावर येतात. जर्मन भाषेत नाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी हे पाठ करावं लागतं म्हणून तिकडची परदेशी मंडळी रडकुंडीला येतात म्हणे. या पोराला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तो मांजर, ते मांजर, ती मांजर असे तीन तालुके पार करून तो रोज कॉलेजला जातो.

भाचीला सीट मिळाली ती शेवटच्या फेरीत. पेरणीच्या वेळी सुरू झालेली प्रवेश प्रक्रिया कापूस वेचणीत संपली. मध्ये गौरी-गणपती, दसरा आणि एक विधानसभेची मतमोजणी होऊन गेली. शेजारच्या जिल्ह्यातली शाळा, जीएनएम, यादीत नाव असलेली, फी दाजींच्या डायरीतल्या मधल्या रकान्यातली. म्हणजे अगदी स्वस्तही नाही आणि एक बैल विकण्याइतकी महागही नाही. दाजींनी पहिला हप्ता भरला आणि पावती डायरीत नाही, देवघरात ठेवली.

संक्रांतीला ती पहिल्यांदा घरी आली. तोवर तिला अजून सुई हातात मिळाली नव्हती. पहिल्या काही महिन्यांत टेंपरेचर, पल्स, हात धुण्याच्या पायऱ्या आणि बेड मेकिंग एवढंच. पण बेड मेकिंग तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की पहिल्याच संध्याकाळी तिने घरातल्या सगळ्या गाद्यांच्या चादरी दवाखान्याच्या पद्धतीने चारही कोपऱ्यांत घट्ट खोचल्या. रात्री आबांना पाय आत घालता येईनात. ते बराच वेळ काठावर बसून राहिले आणि मग म्हणाले, “ॲडमिट करून घेतलं की काय मला?”

सकाळी अंगणात भावकी जमली. कुणाचा गुडघा, कुणाची चक्कर, कुणाच्या सुनेला तिसरा महिना. भाची सांगतेय की मी पहिल्या वर्षाला आहे, मला गोळी द्यायचा अधिकार नाही, सरकारी दवाखान्यात जा. कुणी ऐकत नाही. शेवटी तिने वही घेतली, खुर्ची ओढली आणि रांग लावायला लावली; रांगेत सरपंचही होते आणि त्यांनाही तिने चपला बाहेर काढून यायला लावलं. ती एकेकाचा पल्स मोजायला लागली. दाजी कट्ट्यावर उभे राहून हे सगळं असं बघत होते, जणू अख्खं सिव्हिल हॉस्पिटल त्यांच्याच नावावर सातबाऱ्याला लागलंय.

तेवढ्यात अक्काचा फोन वाजला. नेट कॅफेवाला पोरगा.

“मावशी, ताईची स्कॉलरशिप भरायची लास्ट डेट आजच हाय. ओटीपी पाठवलाय. काकांचा मोबाइल कुठंय?”

दाजींनी खिसे चाचपले, आणि चपला न घालताच लिंबाकडे पळाले.